दिल्ली पाहायची ती कुणाची?

दिवाळी जवळ आली की व्हॉट्सॲपवर एक यादी फिरायला लागते. दिल्लीला गेलात तर ही दहा ठिकाणं चुकवू नका. लाल किल्ला, कुतुबमिनार, इंडिया गेट, राजघाट, बिर्ला मंदिर, अक्षरधाम, लोटस टेंपल, चांदणी चौकातले पराठे. आमच्या भागात सहली नेणाऱ्या एका एजंटाचं पॅम्प्लेट आमच्या हातात पडलं, त्यातही हीच यादी होती, फक्त दोन देवळं जास्त होती. आम्ही त्याला विचारलं, “२६ अलीपूर रोडला गाडी थांबवाल का?” तो म्हणाला, “तो पॉइंट आमच्या रूटमध्ये येत नाही.” ज्या घरात बाबासाहेबांनी शेवटचा श्वास घेतला, ते घर त्याच्या रूटमध्ये येत नव्हतं. त्याच्यावर रागावून उपयोग नव्हता. रूट त्यानं आखलेला नव्हता, तो आधीच आखलेल्या रूटवर गाडी चालवत होता.

मग आम्ही आमचा रूट आखायला बसलो. कडेगाव तालुक्यातल्या दोन-तीन गावांतले मिळून आम्ही अकरा जण होतो. पाच बाया बचत गटातल्या, दोघं कॉलेजातली पोरं, एक निवृत्त शिपाई काका आणि आम्ही कार्यकर्ते म्हणवणारे तिघं. बायांनी दीड वर्ष दर महिन्याला भिशीत पैसे टाकले होते. यातल्या बहुतेकींचा प्रवास आजवर तीन कारणांनी झालेला. माहेर, दवाखाना आणि ६ डिसेंबर. नुसतं पाहायला म्हणून कुणीच कुठं गेलेलं नव्हतं.

निघायच्या आधीच वाद झाला. चळवळीतल्याच एका मित्रानं सरळ विचारलं, “एवढ्या पैशात वस्तीतली अभ्यासिका उभी राहिली असती. दिल्लीला मजा मारायला चळवळ कशाला हवी?” प्रश्न खोटा नव्हता. अभ्यासिकेचा पत्रा अजून गळतो आणि ते आम्हालाही दिसतं. पण या प्रश्नात एक गृहीतक लपलेलं आहे. आपल्या माणसानं प्रवास करायचा तो मोर्चासाठी, परिषदेसाठी, अभिवादनासाठी. पाहणं, हिंडणं, बसून गार वाऱ्यात शेंगा खाणं हे दुसऱ्यांचं. हे आपल्याला शिकवलं कुणी? गावकुसाबाहेर राहणाऱ्याला गावातल्या रस्त्यानं कधी, कसं आणि कशासाठी चालायचं हे ठरवून देणाऱ्या व्यवस्थेनंच ना?

आणि बाबासाहेबांचं काय? १९३४ साली चळवळीतल्या सहकाऱ्यांनी त्यांना म्हटलं, तुम्ही येणार असाल तर आम्हाला सहलीला जायचंय. बाबासाहेब हो म्हणाले. तीसेक माणसं वेरूळ पाहायला निघाली. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये त्यांनी हे स्वतः लिहून ठेवलंय. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. रमजानचे दिवस होते. प्रवासाची धूळ अंगावर होती म्हणून किल्ल्याच्या दाराबाहेरच्या हौदावर काहींनी हातपाय धुतले. एवढ्यात एक म्हातारा ओरडत आला, धेडांनी पाणी बाटवलं म्हणून. जमाव जमला, शिवीगाळ झाली. शेवटी किल्ला पाहायची परवानगी मिळाली ती एका अटीवर, की आत कुठंही पाण्याला हात लावायचा नाही. त्यावर नजर ठेवायला सोबत हत्यारबंद शिपाई दिला. तोवर बाबासाहेब कोलंबिया आणि लंडन करून आलेले होते, बॅरिस्टर होते, गोलमेज परिषद गाजवून आले होते. दौलताबादच्या दारात ते शिपायाच्या पहाऱ्यात फिरणारे पर्यटक होते.

इथं एक सांगायला हवं. या प्रसंगाचा उपयोग हल्ली काही लोक मुसलमानांना झोडपायला करतात आणि आपलीही काही पोरं तो तसाच पुढं ढकलतात. त्याच लेखनात बडोद्याच्या पारशी खानावळीतला प्रसंग आहे, चाळीसगावच्या टांग्याचा आहे, हिंदू डॉक्टरानं बाळंतिणीला हात न लावल्याचा आहे. जात धर्माची वेस ओलांडून जाते, हे त्यांना दाखवायचं होतं. आम्ही कडेगावची माणसं, मोहरमच्या उंच ताबुतांखाली लहानाची मोठी झालो. आम्हाला कुणी या गोष्टीतून दंगलीचा माल काढून दाखवू नये.

तर मित्राला आम्ही म्हटलं, सहलीला हो म्हणणारा नेता आम्हाला चालतो. तो आला नाही. वर्गणीत मात्र त्यानं पाचशे रुपये घातले, तेही इथं नोंदवून ठेवतो.

२३ नोव्हेंबर २०२४. विधानसभेच्या निकालाचा दिवस. रस्तोरस्ती गुलाल आणि डीजे. त्यातून वाट काढत आम्ही मिरज गाठलं आणि रात्रीच्या गोवा एक्स्प्रेसमध्ये बसलो. दोन रात्री आणि मधला एक अख्खा दिवस असा प्रवास. कराड गेलं तसं आम्ही पोरांना झोपू दिलं नाही. कराडनंतर मसूर स्टेशन लागतं. आमची गाडी तिथं थांबत नाही. चार दिवे, एक पाटी, संपलं.

पण १९०१ साली याच मसूरच्या फलाटावर चांगले कपडे घातलेली काही पोरं उतरली होती. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला खजिनदाराच्या नोकरीत, त्यांना भेटायला साताऱ्याहून आलेली. वडील न्यायला आले नाहीत, कारण पत्र पोचलंच नव्हतं. स्टेशनमास्तर आधी प्रेमानं बोलला. पोरं महारांची आहेत म्हटल्यावर त्याचा चेहरा बदलला. एकही बैलगाडीवाला न्यायला तयार होईना. शेवटी एक तयार झाला तो दुप्पट भाड्यावर, आणि गाडी पोरांनीच हाकायची, तो बाजूनं चालणार. डबा भरलेला होता, पण रात्रभर पाणी मिळालं नाही म्हणून पोरं उपाशी राहिली. त्यातला एक नऊ वर्षांचा भीमराव होता.

आमच्या गावांपासून मसूर फार लांब नाही. आमच्यातल्या एका मावशीचं माहेरच त्या पट्ट्यातलं. गोष्ट ऐकून ती एवढंच म्हणाली, “मी इथनं शंभरदा गेले आसंन. मला कुणी सांगितलंच न्हाई.”

सोमवारी पहाटे हजरत निजामुद्दीनला उतरलो. दिल्लीची थंडी आणि धूर दोन्ही घशात गेले. पहाडगंजच्या एका लॉजवर खोल्या सांगितल्या होत्या. रजिस्टरमध्ये नावं लिहिताना काउंटरवरच्या माणसानं आडनावं वाचली आणि विचारलं, “कौन बिरादरी?” आम्ही काही बोलायच्या आत मागून मावशींचा आवाज आला, “बौद्ध.” तो म्हणाला, “वो तो ठीक है, मतलब?” मावशी म्हणाल्या, “मतलब बौद्ध.” खोल्या मिळाल्या. गरम पाण्याची बादली मात्र मागून मागून मिळाली, पण ती सगळ्यांनाच तशीच मिळत होती, म्हणून त्याचा दोष आम्ही जातीवर टाकत नाही. सव्वाशे वर्षांत मसूरचा स्टेशनमास्तर एवढा तरी बदललाय की आता त्याला उत्तर देता येतं.

पहिल्याच दिवशी आमची फजिती झाली. सोमवारी लाल किल्ला बंद, राष्ट्रीय संग्रहालयही बंद. हे आम्हाला आधी कळायला हवं होतं, समाजशास्त्रात एम.ए. करून आणि हातात मोबाईल असून कळलं नाही. काका आमच्याकडं बघून हसले. मग जे तिसऱ्या दिवसासाठी ठेवलं होतं ते पहिलं काढलं. ईस्ट ऑफ कैलास.

हे नाव कुठल्याच दहाच्या यादीत नाही. लोटस टेंपल पाहायला येणारे लाखो लोक तिथून हाकेच्या अंतरावरून जातात. इस्कॉनच्या मंदिराजवळ एका छोट्या बागेत, गजांच्या आड, छपराखाली एक उतरता खडक आहे. १९६६ साली बहापूर गावाच्या हद्दीत तो सापडला. त्यावर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत सम्राट अशोकाचा लघु शिलालेख कोरलाय. अक्षरं झिजलीत, नुसत्या डोळ्यांना ओरखडे वाटतात. आमच्या पोरांचा पहिला प्रश्न, “एवढंच?”

एवढंच. मग आम्ही त्यांना त्यातला आशय सांगितला. अशोक म्हणतो, मी उपासक होऊन अडीच वर्षांहून जास्त काळ झाला, पण आधी माझ्याकडून फारसे प्रयत्न झाले नाहीत. संघाजवळ गेलो, त्यानंतर गेलं वर्षभर नेटानं लागलोय. आणि पुढं म्हणतो, हे फळ फक्त थोरामोठ्यांनाच मिळतं असं नाही, लहान माणसानंही प्रयत्न केला तर मिळतं. एक सम्राट स्वतःच्या ढिलाईची कबुली दगडावर कोरून ठेवतो. आपल्याकडं दाखल्यावर बौद्ध आणि घरात सत्यनारायण असं चालतं, तेव्हा आपण एकमेकांना फाडून खातो. अशोकालासुद्धा अडीच वर्षं लागली होती. अर्थात आपली त्याहून जरा जास्तच झालीत.

तिथून फिरोजशाह कोटला गाठलं. बहुतेकांना हे नाव क्रिकेटमुळं माहीत. मैदानाच्या शेजारीच जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत आणि त्यात उंचावर अशोकाचा स्तंभ उभा आहे. चौदाव्या शतकात सुलतान फिरोजशाह तुघलकानं तो हरियाणातल्या टोपऱ्याहून आणवला. खाली पाडताना सावरीच्या कापसाच्या गाद्या रचल्या, बेचाळीस चाकांच्या गाड्यावर चढवला आणि यमुनेतून नावांवर घालून दिल्लीला आणला. शम्स-इ-सिराज अफीफनं हे सगळं लिहून ठेवलंय. त्यानं आणखी एक लिहिलंय. वरचा लेख वाचायला ब्राह्मण पंडित बोलावले, पण कुणालाच तो वाचता आला नाही. तरी काहींनी अर्थ सांगून टाकला, की फिरोज नावाचा बादशहा येईपर्यंत हा खांब कुणाला हलवता येणार नाही असं त्यात लिहिलंय! लेख वाचता येत नसताना सत्तेला आवडेल तो अर्थ काढून देणं, ही विद्या फार जुनी दिसते. खरा अर्थ लागायला १८३७ साल उजाडलं, जेम्स प्रिन्सेपनं ब्राह्मी उलगडली तेव्हा.

आणि तो अर्थ काय होता? त्या स्तंभावरचा सातवा लेख दुसऱ्या कुठल्याही स्तंभावर नाही. त्यात अशोक सांगतो की मी रस्त्यांवर वड लावले, माणसांना आणि जनावरांना सावली व्हावी म्हणून. आमराया लावल्या. विहिरी खोदल्या, मुक्कामाच्या जागा बांधल्या, ठिकठिकाणी पाणपोया केल्या.

आम्ही हे वाचून दाखवत होतो आणि मसूरच्या पट्ट्यातल्या मावशी मध्येच म्हणाल्या, “म्हंजी वाटसरूला पाणी द्या, आसं ल्हिवलंय?” हो म्हटलं. “मग त्या पोरांना का न्हाई दिलं?”

आमच्याकडं एम.ए.ची सगळी उत्तरं होती. मनुस्मृती होती, पुष्यमित्र शुंग होता, बाबासाहेबांची क्रांती-प्रतिक्रांतीची मांडणी होती. ती आम्ही नंतर रात्री लॉजवर मांडलीसुद्धा. पण त्या क्षणी कुणी काही बोललं नाही.

तिथली एक गंमत राहिली. गुरुवारी लोक या कोटल्यात येऊन जिन्नांना अर्ज लिहितात. चिठ्ठ्या, झेरॉक्स, सरकारी कचेरीत द्यावा तसा नीट मजकूर. काका आयुष्यभर शिपाई म्हणून अर्जांचे गठ्ठे वाहत आलेले. ते म्हणाले, “हितं तरी आवक-जावक नंबर देत्यात का?”

२६ नोव्हेंबरला अलीपूर रोड. सिव्हिल लाइन्स मेट्रो स्टेशनवर उतरायचं. संविधान स्वीकारल्याला त्या दिवशी पंचाहत्तर वर्षं पुरी होत होती. जुन्या संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये राष्ट्रपतींच्या उपस्थितीत सोहळा होता. ९ डिसेंबर १९४६ ला संविधान सभा जिथं पहिल्यांदा बसली, तोच हा हॉल. १९६७ साली संसदेच्या आवारात उभारलेला बाबासाहेबांचा पुतळा जून २०२४ मध्ये जागेवरून हलवून ‘प्रेरणा स्थळ’ नावाच्या कोपऱ्यात नेला गेला, आणि त्याविरुद्ध झालेली ओरड आपल्यापैकी अनेकांच्या लक्षात असेल. आम्हाला अर्थातच त्या बाजूला फिरकता आलं नाही. संविधानाचा वाढदिवस आणि ‘आम्ही भारताचे लोक’ बॅरिकेडच्या अलीकडं. असो.

सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिल्यावर बाबासाहेब या अलीपूर रोडच्या बंगल्यात राहायला आले. हिंदू कोड बिल रखडवलं हे त्या राजीनाम्याचं एक मोठं कारण. स्त्रियांच्या हक्कासाठी मंत्रिपदावर पाणी सोडणारा माणूस इथं राहत होता, हे आमच्या पाच बायांना दारातच सांगितलं. जुना बंगला आता उभा नाही. त्या जागी उघडलेल्या पुस्तकाच्या आकाराची मोठी इमारत आहे, १३ एप्रिल २०१८ ला तिचं उद्घाटन झालं. आत चित्रं, ध्वनी, प्रकाश, सगळं चकाचक.

थोरल्या काकी दर वर्षी चैत्यभूमीला जाणाऱ्या. सासूबाई सांगायच्या, बातमी आली तेव्हा गावात कुणाच्याच चुली पेटल्या नव्हत्या. काकींनी सगळं संग्रहालय शांतपणे पाहिलं आणि शेवटी विचारलं, “बाबासाहेब झोपलं हुतं ती खोली कंची?” तिथल्या कर्मचाऱ्याला प्रश्न नीट कळला नाही. आम्ही त्यांना सांगितलं, ती खोली आता नाही. ५ डिसेंबरच्या रात्री ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रस्तावनेवर त्यांनी शेवटचा हात फिरवला तो या जागेवर. सकाळी ते उठले नाहीत. विमानानं पार्थिव मुंबईला नेलं आणि ७ डिसेंबरला दादरला अंत्यसंस्कार झाले. काकी म्हणाल्या, “म्हंजी आमी इतकी वर्सं जिथं जातो, ती वाट हितनं सुरू झाली.” मग चप्पल काढून त्या फरशीवरच बसल्या. बाकीच्या चौघी बसल्या. त्रिसरण-पंचशील झालं.

पोरं तोवर सेल्फी काढत होती. आम्ही रागावलो, आणि नंतर वाटलं उगाच रागावलो. पर्यटकाची नजर म्हणून जॉन उरीचं एक प्रसिद्ध पुस्तक आहे, एम.ए.ला वाचलं होतं. माणूस आधीच पाहिलेल्या फोटोसारखा फोटो काढायला जातो, अशासारखं त्यात आहे. पण आमच्या पोरांनी या जागेचा फोटो आधी कुठं पाहिलेलाच नव्हता. त्या दिवशी तालुक्यातल्या कितीतरी जणांच्या स्टेटसला पहिल्यांदा अलीपूर रोड लागला.

आता आमची चूक. आमच्या यादीत बाबासाहेबांच्या जागा होत्या, अशोकाच्या होत्या, राष्ट्रीय संग्रहालयातले पिपरहव्याचे बुद्धांचे अस्थिधातू होते, नोएडाचं राष्ट्रीय दलित प्रेरणा स्थळ होतं. बिर्ला मंदिर आम्ही मोठ्या ताठ्यानं कापलं होतं. बुधवारी संग्रहालय झाल्यावर निवृत्त काका म्हणाले, “ते तरी बघू की, फुकट हाय.” बहुमतानं आम्ही हरलो आणि मंदिर मार्गाला गेलो. १९३९ साली गांधीजींनी या मंदिराचं उद्घाटन केलं ते सर्व जातींना प्रवेश देण्याच्या अटीवर. काकांनी आत जाऊन पाहिलं, आम्ही बाहेर थांबलो.

त्याच रस्त्यावर वाल्मिकी बस्ती आहे. सफाई कामगारांची. १९४६-४७ मध्ये गांधीजी इथल्या वाल्मिकी मंदिराच्या खोलीत राहिले होते. २ ऑक्टोबर २०१४ ला पंतप्रधानांनी स्वच्छ भारत अभियान याच वस्तीत झाडू मारून सुरू केलं. देशातले दोन मोठे झाडू या एका वस्तीत येऊन गेले आणि वस्तीच्या हातातला झाडू काही सुटला नाही. हे आम्हाला तोंडपाठ होतं, व्याख्यानात आम्ही वापरतोसुद्धा. तरी आमच्या यादीत ही वस्ती नव्हती. आम्ही शिलालेख शोधले, स्मारकं शोधली, आपल्यातलीच जिवंत माणसं राहतात ती जागा विसरलो. वाल्मिकी हे ‘आपले’ आहेत का, याचं आमच्या मनातलं खरं उत्तर त्या यादीत दिसलं.

बाया मात्र सरळ आत गेल्या. ओट्यावर बसलेल्या दोन बायांशी मोडक्या हिंदीत बोलायला लागल्या. पाणी कधी येतं, पगार ठेकेदार देतो की नगरपालिका, पोरं शिकतात का. त्यातल्या एकीच्या नात्यातला माणूस गटारात उतरून गेलेला. माणसाला गटारात उतरवायला बंदी करणारा कायदा २०१३ चा आहे. सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये अशा मृत्यूला दहा लाख भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली. आम्ही हे सांगितलं. ती बाई म्हणाली, कागद नाहीत, ठेकेदार म्हणतो तो आमच्याकडं नव्हताच. आमच्यातल्या एकीनं तिचा नंबर घेतला आणि आम्ही दिल्लीतल्या ओळखीच्या एका वकील मित्राशी जोडून दिला. पुढं काय झालं ते अजून अर्धवटच आहे. कागद मिळवायचं काम चाललंय.

चहा त्यांनी पाजला. पैसे घेतले नाहीत. मसूरच्या मावशींनी पाणी मागितलं, त्या बाईनं हातातला तांब्या पुढं केला, मग क्षणभर थांबून विचारलं, “आप पी लोगे?” मावशी अख्खा तांब्या प्याल्या.

लाल किल्ला आम्ही शेवटच्या सकाळी पाहिला, छान आहे. परतीच्या गाडीत थोरल्या काकी हिशोबाच्या वहीत पुढच्या भिशीची नावं लिहीत होत्या. मुहंमद तुघलकानं दिल्ली सोडून राजधानी दौलताबादला नेली होती, हे कॉलेजातल्या पोरानं त्यांना सांगितलं. “म्हंजी ती बी राजधानीच की,” काकी म्हणाल्या आणि नावांच्या वर ‘दौलताबाद’ लिहिलं. महिना तीनशे रुपये ठरलेत. या वेळी मित्रानंही नाव दिलंय. किल्ल्याच्या दारातला तो हौद अजून आहे का आणि त्यात पाणी असतं का, याची चौकशी करायचं काम त्याच्याकडं आहे.